उंबराच्या कोंडावरचे पाहुणे

हिराजीदादा, तुमच्या भाकऱ्या कोण खात होतं ते अखेर सापडलं. मथुरावहिनींनी मला त्याच कामावर धाडलं होतं. पण लगेच सांगणार नाही. चढल्याशिवाय खायचं नाही हा तुमचाच नियम, तेव्हा आधी थोडं चाला माझ्याबरोबर.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. आपल्या साप्ताहिकात तुमचा फोटो आला होता, खाली छापलं होतं ‘मनमिळाऊ स्वभावाचे’. मला रडता रडता हसू फुटलं. कर्नाळ्याच्या जंगलात मोठ्याने गाणी लावून चालणाऱ्या धटिंगणांसमोर तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे राहिला होतात, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांनीच हे लिहिलं असणार. “या पाखरांनी तुजं गानं मागतलं व्हतं काय?” एवढंच तुम्ही विचारलंत. गाणं बंद झालं. मग त्यातल्याच एकाला हाताने धरून फांदीवरचा हळद्या दाखवलात, आणि तो पक्षी उडून जाईपर्यंत ती सगळी टोळी माना वर करून गप्प उभी होती.

संपादकांनी मला तेव्हाच म्हटलं होतं, तुमच्या रविवारच्या सदरात दादांवर लिहा. मी जमणार नाही म्हणून सांगितलं. कारण त्याच सदरापायी आपलं बिनसलं होतं आणि ते भांडण तसंच अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. भांडण अर्धवट टाकायची तुमची सवय नव्हती. एसटीतली सगळी वर्षं गाडी वेळेवर डेपोत लावलीत, आणि इथे मला मध्येच फाट्यावर उतरवून दिलंत. याचा मला अजून राग आहे.

आपली ओळखसुद्धा वादावरूनच झाली. मी लग्न होऊन नगरहून नवीन पनवेलमध्ये आले, तेव्हा मला बाजरी कळत होती, ज्वारी कळत होती, पण इथल्या पालेभाज्या अजिबात कळत नव्हत्या. त्यात मी शाळेत शिकवणारी, म्हणजे कोणाला काही विचारायची लाज. जूनच्या सुरुवातीला पनवेलच्या बाजारात डोंगरावरच्या बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. मी शेवळांची जुडी उचलली. मागून आवाज आला, “बाय, काकडं घे. नायतं घसा खाजंल.” मी वळून पाहिलं. खाकी पँट, गळ्यात पंचा, हातात फणस. मी ठसक्यात म्हटलं, “मला येतं करायला.”

त्या संध्याकाळी आमच्या घरात मी, माझा नवरा आणि सासूबाई असे तिघंही कोकमाचं पाणी पीत, घसे खाकरत बसलो होतो. शेवळांची खाज मारायला काकडाची आंबट फळं घालावी लागतात हे इथल्या पोराटोरालाही ठाऊक असतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच जागी भेटलात. माझ्याकडे पाहून एकच शब्द बोललात, “खाजला?” मी मान डोलावली. मग तुम्ही माझी पिशवी घेतलीत, शेवळं निवडलीत, काकडं निवडलीत आणि थेट तुमच्या घरी नेऊन वहिनींच्या चुलीपुढे मला बसवलंत. तेव्हापासून मी ‘बाय’ आणि तुम्ही ‘दादा’. तुम्ही सगळ्या जगाला अरेतुरे करायचात. मला मात्र तुमच्यापुढे ‘तुम्ही’च्या खाली कधी येता आलं नाही.

निवृत्त झाल्यावर तुम्ही म्हणालात, “जन्मभर बसून फिरलू, आता चालून बगतो.” आणि मला, माझ्या नवऱ्याला, कधी वहिनींना घेऊन तुम्ही पनवेल दाखवायला निघालात. मी तोवर दहा वर्षं पनवेलमध्येच राहत होते, पण स्टेशन, शाळा आणि सेक्टरमधलं वाण्याचं दुकान एवढंच माझं पनवेल होतं. तुम्ही मला कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी नेलंत. तिथून एका बाजूला खाडी चमकत होती आणि दुसऱ्या बाजूला प्रबळगड उभा होता. मी धापा टाकत खाली बसले आणि डब्याला हात घातला, तर तुम्ही डबा काढून घेतलात. “आधी बग. खायला काय, घरी पन खातंस.” बघून झाल्यावरच भाकरी मिळाली. तांदळाची, पातळ, आणि आत भाजलेली सुकट, कांदा, हिरवी मिरची. त्या घासाची चव मला आजही आठवते. नंतर मी हॉटेलात जाऊन पुष्कळ महागडे पदार्थ खाल्ले, पण त्यातल्या एकानेही मला इतकं थकवून, इतकं बघायला लावून भूक आणली नव्हती.

खाण्याच्या बाबतीत तुमच्याइतका चोखंदळ माणूस मी पाहिला नाही. पळस्प्याच्या फाट्यावर वडा खायचा तर घाण्यातून निघाल्यावर लगेच, आणि तोही उभ्याने. चिंचेची चटणी लावली की तुम्ही वडेवाल्याकडे असं पाहायचात की जणू त्याने तुमच्या गाडीला कट मारलाय. वडाळे तळ्याकाठी संध्याकाळी भेळ घेतली तर पहिला घास मला द्यायचात आणि विचारायचात, “कैरी ताजी हाय का कालची?” मला कधीच सांगता यायचं नाही. तुम्हाला वासावरून कळायचं. मासळी बाजारात कोळणी तुमच्याशी भाव करायच्या नाहीत, कारण तुम्ही करायचा नाहीत. जिताडा दिसला की नुसते हसायचात आणि म्हणायचात, “हा पावन्यांसाठी. आपल्यासाठी बोंबील.” तुमच्या घरी पाहुण्यांना सगळं चांगलं आणि तुम्हाला उरलेलं, हे मी इतक्यांदा पाहिलं की त्याचं काही वाटेनासं झालं. आता वाटतं.

मी हे सगळं लिहायला लागले ते तुमच्यामुळे. पनवेलमध्ये कुठे फिरावं, काय खावं, याचं माझं छोटं सदर सुरू झालं. लोकांना वाटायचं बाई फार फिरते. बाई फक्त मागून चालत होती आणि वहीत लिहून घेत होती. तुमचं नाव घालू का म्हटलं तर तुम्ही हात झटकायचात. “माजं नाव कनाला? डोंगराचं घाल.”

आणि मग मी उंबराच्या कोंडाबद्दल लिहिलं.

ती वाट या लेखात लिहीत नाही. गाढेश्वरच्या बाजूला कुठेतरी, एवढंच. ओढ्याचं पाणी खडकात साठून झालेला खोल डोह, त्यावर वाकलेलं उंबराचं झाड, आणि पावसाळा संपला तरी महिना-दीड महिना वाहणारं पाणी. तुमची आई गवताचा भारा घेऊन येताना तिथे टेकायची. तुम्ही मला तिथे नेलंत ते ओळख झाल्यावर कितीतरी वर्षांनी. आपण पाण्यात पाय सोडून बसलो. परत येताना म्हणालात, “तुला आवरली जागा? आई बसायची ती.”

मला ती इतकी आवडली की मी ती छापली. गेल्या पावसाळ्यात. कुठून वळायचं, कुठे गाडी लावायची, कुठल्या बांधावरून जायचं, सगळं बैजवार. त्याच रविवारी तिथे वीस गाड्या आल्या. पुढच्या रविवारी मोजायची सोय राहिली नाही. थर्माकोलच्या ताटल्या, दारूच्या बाटल्या, बाळांचे डायपर. उंबराच्या खोडावर कोणीतरी बदाम कोरला.

तुम्ही आमच्या घरी आलात. दारातच उभे राहिलात, चप्पल काढली नाहीत, चहा नको म्हणालात. “बाय, तू कोंडाची वाट पेपरात घातलीस.”

मी म्हटलं, “दादा, पाणी सगळ्यांचं आहे. सेक्टरमधल्या माणसांनी काय फक्त गच्चीतल्या टाक्या बघाव्यात?”

“पानी बगायला कोन नको बोलतंय? मी तुला हाताला धरून नेलू ना? पन येनाऱ्याला कोनी सांगायला नको काय, की हिकरं कसं बसायचं?”

“म्हणजे तुम्ही परवानगी द्याल त्यांनीच यायचं?”

हे मी बोलले. वर असंही म्हणाले की मी लिहिलं नसतं तर उद्या दुसऱ्या कोणीतरी मोबाईलवर टाकलंच असतं. ते खरंही होतं. खरं होतं म्हणूनच मी ते ढालीसारखं पुढे धरलं. तुम्ही वळलात आणि जिना उतरून गेलात. लिफ्ट तुम्हाला कधीच आवडली नाही, पण त्या दिवशी तुमच्या पावलांचा आवाज तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत ऐकत मी दारातच उभी राहिले होते. हाक मारता आली असती. मारली नाही.

दसऱ्याला तुम्ही आपट्याची पानं घेऊन आलात. बसलात, चहा प्यायलात, माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केलीत. कोंडाचं नाव ना तुम्ही काढलंत, ना मी. जाताना म्हणालात, “औंदा पोपटीचं मडकं तू भर.”

तुम्ही हे म्हणालात याचा अर्थ मला त्या वेळी पुरता कळला नाही. तुमच्या शेतातल्या पोपटीचं मडकं तुम्ही कोणाला भरू द्यायचा नाहीत. भात कापल्यावर त्याच जमिनीत वाल लावायचा, शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, वर पुन्हा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. पहिल्या वर्षी मी तुमची नजर चुकवून आत पेलाभर पाणी ओतलं होतं, करपेल म्हणून. शेंगांचा लगदा झाला. तुम्ही तो चमच्याने, सगळ्यांसमोर, तोंड वाकडं न करता खाल्लात आणि मग मला मडक्यापासून चार हात लांब बसवलंत, ते थेट आजवर. आता तुम्ही स्वतःहून मडकं माझ्या हातात देत होतात. ही तुमची माफी होती की मला माफी मागायला दिलेली जागा होती, ते मी पोपटीच्या दिवशी तुम्हाला विचारणार होते. आणि ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द तेव्हाच बोलणार होते. शेतात, विस्तवाजवळ, कोणाचं लक्ष नसताना. तोवर थांबले. शेंगा भरायच्या आत तुम्ही गेलात.

आता भाकऱ्यांचं.

गेल्या आठवड्यात मी वहिनींकडे गेले होते. त्या ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं झालं आणि त्या एकदम म्हणाल्या, “बाय, मना येक सांग. म्हातारा दर सोमवारी मना वीस भाकऱ्या थापायला लावायचा. वीस! सक्काळी उठून गाठोरं बांधायचा नि दोन गोन्या घेऊन जायचा. कनाला इचारलं तं बोलायचा, पावने हायत. कोन पावने, कवा आले, मना काय ठाव नाय. घरी येक पन पावना आला नाय.”

“कधीपासून?”

“सरावनापासून.”

श्रावणापासून. म्हणजे माझा लेख आल्यानंतर.

“माज्या भाकऱ्या कोनी खाल्ल्या ते बगून ये गो,” वहिनी म्हणाल्या. आणि सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा त्यांनी पुन्हा वीस भाकऱ्या बांधून माझ्या हातात दिल्या. सोबत वालाचं बिरडं आणि लसणीची चटणी. सोमवार, म्हणून सुकट नाही. “असले पावने तं उपाशी रायला नकोत.” दादा, तुमच्या माघारी महिना होत आला आहे आणि ही बाई न पाहिलेल्या माणसांसाठी पहाटे उठून भाकऱ्या थापते आहे. तुम्ही दोघं एकमेकांना शोभत होतात.

लेख छापल्यानंतर मी कोंडावर पाऊल टाकलं नव्हतं. तिथे काय बघायला लागणार याची मी वाटभर तयारी केली होती.

तिथे काहीच नव्हतं. म्हणजे ताटली नाही, बाटली नाही, पिशवी नाही. पाणी आटून गुडघाभर राहिलं होतं, तळाचे गोटे दिसत होते. खोडावरच्या बदामावर कोणीतरी शेण-माती लिंपली होती, ती सुकून सालीच्याच रंगाची झाली होती. ही तुमची मलमपट्टी, मी लगेच ओळखली.

आणि पलीकडच्या काठाला पाच बायका होत्या. पंजाबी ड्रेस, स्पोर्ट्स शूज, हातात रबरी मोजे. एकीच्या हातात गोणी. आमच्याच सेक्टरमधल्या वाटाव्यात अशा. त्यातली चष्मेवाली मला पाहून पुढे आली.

“हाय! तुम्ही पण बायच्या लेखातून आलात का?”

मी गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

“नाही, म्हणजे इथे सगळे तसेच येतात,” ती हसत म्हणाली. “आम्ही पण पहिल्यांदा संडेला आलो होतो, पिकनिकला. केक वगैरे घेऊन. एक काका आले आणि विचारलं, तुमाला बायनी धाडलंय काय? आम्हाला कळेचना, कोण बाय. तर म्हणाले, माजी भैन हाय, पेपरात लिवते. तिनी धाडलंय म्हंजे तुमी आमचे पावने.”

दुसरी म्हणाली, “आणि मग आमच्यासमोर आमचाच कचरा उचलायला लागले. इतकं ऑकवर्ड झालं ना! आम्ही म्हटलं, काका, राहू द्या, आम्ही करतो. तर म्हणे सोमवारी या, गर्दी नसते. आधी गोनी भरा, मंग भाकर. तेव्हापासून दर मंडेला येतो. कधी कधी आणखी लोक असतात. पण काका गेला महिनाभर आले नाहीत. बरे आहेत ना? तुम्ही ओळखता त्यांना?”

दादा, तुम्ही माझ्यावर रागावून जिना उतरून गेलात आणि थेट कोंडावर जाऊन उभे राहिलात. मी ज्यांना नुसतीच वाट दाखवून मोकळी झाले होते, त्या प्रत्येकाला तुम्ही माझ्या नावाने पाहुणा करून घेतलंत. ‘येनाऱ्याला कोनी सांगायला नको काय’ असं मला म्हणालात, आणि ते सांगायला स्वतःच गेलात. मला एका शब्दाने कळवलं नाहीत. दसऱ्याला माझ्या घरी चहा पिताना तुमच्या पोटात हे सगळं होतं आणि तुम्ही गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलत होतात!

मी त्या बायकांना सांगितलं की दादा गेले.

चष्मेवाली खडकावर बसली. तिने मोजे काढले, पुन्हा घातले. आम्ही सहा बायका, त्यातल्या पाच एकमेकींच्या मैत्रिणी आणि मी कोणाचीच नाही, तरी सगळ्या एकाच माणसासाठी तिथे रडलो. थोड्या वेळाने एकीने विचारलं, “तुम्ही कोण त्यांच्या?”

“मी बाय,” मी म्हटलं.

मग मी गाठोडं उंबराखाली ठेवलं आणि गोणी मागितली. वरच्या अंगाला, कपारीत, रविवारचं बरंच काही अडकलेलं होतं. ते काढताना पाण्याशी वाकून मी म्हटलं, दादा, चुकलं माझं. मोठ्याने म्हटलं. तुम्हाला शेतात, कोणाचं लक्ष नसताना सांगायचं होतं, ते पाच अनोळखी बायकांसमोर सांगावं लागलं. पाणी सगळ्यांचं आहे हे मी अजून म्हणते. पण पाहुण्यांना वाट दाखवून यजमानाने घरी झोपून राहायचं नसतं, हे तुम्ही म्हणत होतात, आणि ते माझ्या डोक्यात शिरायला तुम्हाला जावं लागलं. गोणी भरली. मग भाकऱ्या खाल्ल्या. एकही उरली नाही.

परत आल्यावर वहिनींना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, पदराने डोळे पुसले आणि मग मला दटावल्यागत म्हणाल्या, “मंग पावन्यांना शेतावर आन की. वाल भरलाय. सोमवारी पोपटी लावू. कोंबडी नाय, नुसत्या शेंगा नि रताली.” वर म्हणाल्या, “मरकं तू भर. तसं म्हातारा बोलून गेलाय.”

भरते, दादा. पाणी घालणार नाही.